शालूबाईची कात्री

शहापूरच्या शालूबाईला या वयात पाखरांचं काय वेड लागलं, असं गल्लीत सगळ्यांनी विचारून झालं होतं. कुणी तोंडावर, बहुतेकांनी पाठीमागं. तिला त्याचं ना सोयर ना सुतक.

अहो, बाईचा जन्म मागावर गेलेला. साडीचा धागा तुटला की सांधायचा, गुंतला की सोडवायचा. कात्री मागितली की बाप ओरडायचा, "सोडव आधी! कापलंस तर जेवाण न्हाय." पुढं माग मोडीत निघाला, पण बोटं काही गप बसेनात. ती बोटं हेरली विक्रमसरांनी. हा कॉलेजात शिकवणारा, सुट्टीला उचगावच्या तळ्यावर पाखरं बघत बसणारा माणूस. शेजारणीची गुंतलेली रेशमाची लडी शालूबाईनं चहा निवायच्या आत मोकळी केली, ते बघून म्हणाला, "आक्का, तळ्यावर चला. अशीच बोटं पाहिजेत मला."

काम असं, की तळ्याकाठी केसागत बारीक जाळं उभं करायचं, अडकलेलं पाखरू अलगद सोडवायचं, पायात नंबराची कडी घालून उडवून द्यायचं. पुन्हा कुठं सापडलं तर त्याचा प्रवास कळतो. पहिल्याच दिवशी सरांनी तिच्या गळ्यात एक लहान कात्री अडकवली. "पाखरू घुसमटतंय वाटलं की जाळं कापायचं. मला विचारत बसायचं न्हाय."

चार हिवाळे गेले, कात्री एकदाही उघडली नाही. बाईला त्याचा ताठा होता, खोटं कशाला बोला!

पहिल्या हिवाळ्यात तिनं एका पिवळ्या धोब्याला कडी घातली होती. शेपटी हलवत चालणारं मूठभर पाखरू. हिमालयापलीकडनं यायचं आणि दर थंडीला एकदा तरी जाळ्यात सापडायचं. "माझी माहेरवाशीण आली," असं ती कौतुकानं सगळ्यांना सांगायची.

यंदा जानेवारीत ते आलं. कडी ओळखून शालूबाई हसली. "आलीस व्हय गं? थांब, सोडवते."

पण या खेपेला धागा मानेभोवती गेला होता आणि जिभेमागं अडकला होता. सर तळ्याच्या पलीकडं, दुसऱ्या जाळ्यापाशी. तिनं पाय सोडवले, एक पंख सोडवला. तेवढ्यात पाखरानं हिसका दिला आणि फास आवळला. चोच उघडीच राहिली.

"सर! ओ सर!"

हात कात्रीपर्यंत गेला आणि माघारी आला. एकच फास तर होता. तिला दिसत होता, कुठनं सुटतो तेही दिसत होतं. "दम धर गं बाई, सुटतंय. आई यल्लम्मा, एवढं सुटू दे." सोडवता सोडवता ती रडत होती, आणि रडता रडता फास सुटला.

सर धावत आले. त्यांनी पाखरू हातात घेतलं, छातीवरनं बोट फिरवलं, चोचीत फुंकर घातली. मान तशीच लोंबत राहिली.

"कापलं का न्हाय, आक्का?" त्यांनी हळूच विचारलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"सुटत होतं की ओ," शालूबाई म्हणाली. "सुटलंय बघा. एक धागा तुटला न्हाय."

आपण काय बोललो ते तिच्या कानावर पडलं. तिनं गळ्यातली कात्री उघडली आणि ते धडधाकट, रिकामं जाळं ती वरपासून खालपर्यंत कापत सुटली. सरांनी तिला अडवलं नाही.