तीन मिनिटांची घंटा

आमच्या ऑस्लर काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये अर्डिस वोन्ड्राला ओळखत नाही असा माणूस नाही. जमिनीचे कागद, लग्नाचे परवाने, मतदारयाद्या, सगळं तिच्या हातून जातं. समोरच्या खिडकीत मी गाड्यांच्या नंबरपाट्या देते, त्यामुळे तिचं निम्मं आयुष्य मी काचेतूनच पाहिलंय.

मंगळवारी काउंटीचा कारभार पाहणाऱ्या तिन्ही कमिशनरांची बैठक भरते. अर्डिस इतिवृत्त लिहिते, आणि लोकांपैकी कुणी बोलायला उभं राहिलं की तीन मिनिटांनी घंटा वाजवते. तिने स्वतः तिथे ब्रही काढायचा नाही. हा तीन मिनिटांचा नियम तिच्याच वडिलांनी, एमिलकाकांनी, कमिशनर असताना केला. कुणी एकजण कुंपणाच्या भांडणावर अख्खी दुपार बोलला होता म्हणून.

आता एमिलकाका शहाऐंशी वर्षांचे. त्यांच्या शेताकडे जाणारा रस्ता म्हणजेच काउंटीची हद्द. वाटेतल्या ओढ्यावरचा पूल अर्धा आमचा, अर्धा शेजारच्या टिल्बी काउंटीचा. दोन घरचा पाहुणा उपाशी! वसंतातल्या पुरात पूल खचला, तेव्हापासून दोन्ही काउंट्या एकमेकींकडे बोट दाखवताहेत. अँब्युलन्सला बावीस मैलांचा वळसा पडतो, आणि त्यांच्या बायकोचं, लिबीकाकूंचं, हृदय आधीच नाजूक. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पूल होत नसेल तर दोघांनी घर सोडून वृद्धाश्रमात जायचं. पूल दुरुस्त करायचा की काउंटीच्या पुलांच्या यादीतून कायमचा काढायचा, ते त्या मंगळवारी ठरणार होतं.

सकाळी कॉरिडॉरमध्ये अर्डिस त्यांना बजावत होती, "बाबा, उभे राहिलात की आधी पूल. इकडचं तिकडचं काही नको."

"अगं, माणसांत गेल्यावर आधी ख्यालीखुशाली नको का विचारायला?"

"नको! आज नकोच."

"तुझ्या आईने गोड कोलाचे पाव भाजून दिलेत, ते तरी वाटू ना?"

अर्डिसने कपाळाला हात लावला. मला हसू आलं. त्याची आजही लाज वाटते.

अध्यक्ष ड्वेन केसलर म्हणाले, "बोला, एमिलकाका." काका उठले, डबा फिरवला. ड्वेनच्या गुडघ्याची चौकशी केली. दुसऱ्याच्या गाईंची. तिसऱ्याचे वडील गेले होते, त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलले, अगदी मनापासून. मी दारात उभी राहून अर्डिसचा हात बघत होते. तो घंटेवर होता. एकदा तिने ड्वेनकडे पाहिलं. ड्वेनने खाली कागदात डोकं घातलं.

"तर, ह्या पुलाचं असं आहे," काका म्हणाले, "की माझी लिबी..."

घंटा वाजली.

काका वाक्य तसंच सोडून खाली बसले. नियम म्हणजे नियम. मला ओरडावंसं वाटलं, पण नंबरपाट्यावालीला कोण विचारतो? तीन हात वर झाले आणि पूल यादीतून गेला.

मी ते इतिवृत्त वाचलंय. त्यात एवढंच आहे: "एमिल वोन्ड्रा यांनी सर्वांची विचारपूस केली. वेळ संपली."

बाहेर काकांनी अर्डिसच्या पाठीवर हात ठेवला. "अगदी वेळेवर वाजवलीस हो," ते म्हणाले. "रडू नकोस. निघतो मी. लांबून जायचंय, तुझी आई एकटी आहे."