वळण नसलेल्या जागी

मधूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सावली गावात एका कारखान्याच्या फाटकात उभा होतो. मामेभाऊ एवढंच म्हणाला, "पप्पा गेले." आणि खरं सांगतो, रडू यायच्या आधी मला माझी मुलगी मुग्धा आठवली. तिला गाडी मामाने शिकवली, आणि दर सोमवारी ती मामाच्याच रस्त्याने नोकरीला जाते. महिना होऊन गेला, माझी धाकधूक काही जात नाही.

मामाचा रस्ता म्हणजे छोटाउदेपूरच्या पलीकडचा, डोंगरातला. मामा शहरातल्या वाडी मोहल्ल्यातला. घराण्यातले जुने सगळे संस्थानच्या फौजेत, हा एसटीत ड्रायव्हर. उभी नोकरी त्या एका रूटवर गेली. त्याने पहिल्यांदा बस नेली तेव्हा तिथे नुसता मुरूम होता. नदीला पूल नव्हता. पावसाळ्यात उतारू अलीकडे उतरायचे, चपला हातात घेऊन पाणी ओलांडायचे आणि पलीकडच्या बसमध्ये बसायचे. पुढे डांबर आलं, पूल झाला... एक वळण मात्र तसंच राहिलं. एका बाजूला कडा, दुसरीकडे दरी, रुंदी एका गाडीपुरती. तिथला रिवाज असा की अलीकडे थांबायचं, दोन लांब हॉर्न द्यायचे, इंजिन बंद करायचं आणि ऐकायचं. पलीकडून हॉर्न आला की दारातला कंडक्टर "आवे छे" म्हणायचा, म्हणजे समोरून गाडी येतेय; मग बस जागची हलायची नाही. एका जीपवाल्याने एकदा घाई केली. ती जीप मामाने दरीत पाहिली होती.

मग डोंगरच कापला. रस्ता चौपदरी झाला, सरळसोट. गेल्या वर्षी आम्ही त्या बाजूला लग्नाला निघालो, स्टिअरिंगवर मामा. म्हातारा ऐकतोय कुणाचं! गप्पा रंगल्या होत्या... आणि भर रस्त्यात त्याने ब्रेक मारला. दोन हॉर्न दिले, इंजिन बंद केलं, काच खाली केली. मागून ट्रकचे टायर करकचले आणि तो आम्हाला जेमतेम चुकवून बाजूने निघून गेला. मामी रडायला लागली. मामा शांतपणे म्हणाला, "गप बसा ना, ऐकू दे." तिथे वळण उरलेलंच नव्हतं.

त्या दिवशी आम्ही किल्ली काढून घेतली. तो चिडला नाही. चालवू देत नाही तर शिकवू तरी द्या, म्हणाला, आणि छाणीच्या रिकाम्या रस्त्यांवर मुग्धाशेजारी बसायला लागला. तिला डोंगरातल्या सरकारी दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा पेढे त्यानेच वाटले. मामा गेला त्याच्या आदल्या दिवशी मी त्याच्या उशाशी होतो. डोळे मिटलेले, मान दाराकडे कललेली. पाणी हवं असेल म्हणून वाकलो, तर पुटपुटला, "आवे छे." मी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.

तेव्हापासून एकच भीती... पोरीलाही त्याने तिथे थांबायला शिकवलं असेल तर? विचारायचा धीर होईना. गेल्या सोमवारी काहीतरी निमित्त काढून तिच्याबरोबर गेलो. डोंगर दिसायला लागला तसा मी पट्टा घट्ट धरून बसलो. मागे टँकर लागला होता. ही थांबली तर आम्ही दोघंही संपलो.

ती थांबली नाही. वेगसुद्धा कमी केला नाही, गुणगुणत सरळ निघून गेली. मला हायसं वाटायला हवं होतं. पण माझा उजवा पाय, समोर ब्रेक नसताना, खाली गच्च रोवलेला होता, आणि "अगं, थांब" हे माझ्याच तोंडून निघून गेलं होतं.

मुग्धाने दचकून पाहिलं. "बाबा, समोर काहीच नाहीये."

हो गं, म्हटलं, आणि माझ्या बाजूची काच खाली केली.