ओढून उघडलेलं पान

घरात कोणी आलं की पानाक्का आधी झाडाकडे बघायची, मग माणसाकडे. धुळीचे पाय घेऊन मी दारात उभी, आणि तिचा पहिला प्रश्न, "ऊन किती गं बाहेर? याच्यावर पडदा ओढू की?" मी जेवले का, हे नंतर. मी ते विसरलेले नाही.

पानाक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. शाळेतून निवृत्त होऊन तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमच्याकडेच राहायची. मला देवनागरी तिने शिकवली, नाहीतर गल्लीतल्या बाकी पोरांसारखी मीही मराठी नुसती ऐकलीच असती. तेव्हा तिच्यावर पहिला हक्क माझा, असं मी धरून चालले होते. मग कोणी इंजिनीअर बदली होऊन गेला, त्याच्या क्वार्टरबाहेर पडलेलं मॉन्स्टेराच्या वेलाचं एकपानी दांडकं ती उचलून घेऊन आली, आणि माझा हक्क संपला.

काही वर्षांत ते छताला लागलं. काथ्या गुंडाळलेल्या बांबूवर चढलेलं, सुपाएवढी पानं, कडांना लांब चिरा. दर शुक्रवारी वडिलांच्या जुन्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, फडक्याने ती एकेक पान पुसायची. खाली तळवा धरून, तापातल्या पोराचं कपाळ पुसावं तसं. माझं कपाळ तिने असं कधी पुसलं, मला आठवत नाही.

तेव्हा मी पत्रकं वाटत होते. परदेशी कंपन्यांविरुद्ध, कालव्याच्या पाण्यासाठी. ओरत्तनाडूकडची गावं मोपेडवर फिरून यायचं आणि घरात हे हिरवंगार.

"अक्का, तिकडे शेतं वाळतायत आणि तू याला पाजतेस."

"हे तांदूळ धुतलेलं पाणी. तू स्वैपाक करतेस तेव्हा मोरीत ओततेस, तेंच."

"झाड परदेशी आहे."

"मिरचीही परदेशी. उद्यापासून रसम नको की तुला?" फडकं पिळत तिने पुढे जोडलं, "आणि आपण तरी कोठले गं, मूळचे तंजावरचे?"

मी पत्रकांचा गठ्ठा उचलून बाहेर पडले.

माझ्या पहिल्या भाषणाला यायचं तिने कबूल केलं होतं. पुढच्या रांगेतली खुर्ची मी शेवटपर्यंत अडवून धरली. ती आली नाही. घरी आले तर सांगते, "नवं पान सुटतंय. सकाळपासून बघत बसले." ती आत गेल्यावर मी त्या पानाच्या सुरळीपाशी गेले. एवढं काय आहे यात, म्हणून बोटांनी उलगडली. ओलं पान मधोमध फाटलं.

ती ओरडली नाही. दोन दिवसांनी, ताटात भात वाढताना म्हणाली, "ते उघडणारच होतं. लोकांनाही असंच ओढून उघडतेस की?"

पुढे मद्रासला नोकरीला असलेल्या तिच्या मुलाने तिथे फ्लॅट घेतला आणि तिला न्यायचं ठरलं. झाड काही बसमधून जाणार नव्हतं. मी न विचारता माझ्या खोलीत खिडकीजवळचा कोपरा रिकामा केला, पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली सारले. अक्काने झाड दिलं समोरच्या वसंताला. टायपिंग क्लासला जाते, जेवते, झोपते, ती वसंता.

"ती काय करणार आहे त्याचं?" मी विचारलं.

"काही नाही करायची. म्हणून तर दिलं."

बस सुटेपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. खिडकीतून हात बाहेर काढून तिने माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. मी तोंड फिरवलं. दुसऱ्या वर्षी ती तिकडेच वारली.

आता दर शुक्रवारी वेष्टीचं तेच फडकं घेऊन मी वसंताकडे जाते. परवा ती म्हणाली, "हे मधोमध फाटलेलं पान पिवळं पडलंय. कापू की?"

"राहू दे. आपणहून गळेल."

मी पानाखाली तळवा धरला. वसंता माझ्या हाताकडे बघत राहिली. "अगदी अक्कासारखं पुसतेस गं," म्हणाली.

हे ऐकायला मला दुसऱ्याच्या घरी यावं लागतं, याचा राग अजून गेलेला नाही.