गादीवाल्या चाचांची परवानगी

बारामतीपासून इंदापूरपर्यंत आता माणसागणिक मोबाइल आहे, पण मोबाइलला पुरतं ओळखून असलेला माणूस एकच, आणि तो जळोचीला माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो, अशी माझी पक्की श्रद्धा आहे. सगळे त्यांना गादीवाले चाचा म्हणतात. खरं नाव दुसरंच आहे, पण ते छापलेलं त्यांना खपणार नाही. जन्मभर कापूस पिंजून त्यांनी गाद्या भरल्या. आता दुकान मुलगा पाहतो आणि चाचा स्वतःचे हक्क पाहतात. "फोन इकत घेतला म्हंजी आपला झाला असं न्हाय, भाऊ," ते मला बजावतात, "त्यो तिकडच्या माणसाचा कान हाय. बिल तेवढं आपलं." हा कान बुजवायला त्यांनी आपल्या धंद्याला शोभेल असाच उपाय काढला. फोनच्या मापाची गादी शिवली! देशी कापूस दाबून भरलेली, चारी बाजूंनी टाके, वर नाडी. तिच्यामुळे तिकडच्या माणसाला ऐकू यायचं थांबलं की नाही, देव जाणे. चाचांना मात्र फोन वाजलेला ऐकू येईना. इंदापूरला दिलेली त्यांची मुलगी शेवटी वैतागून मला फोन करायची आणि मी भिंतीवरून ओरडायचो, "चाचा, गादी सोडा, लेकीचा फोन आहे!"

ओटीपी कुणालाही सांगू नका, हा उपदेश अख्ख्या देशात फक्त त्यांनीच मनावर घेतला असावा. गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसानं दारात ओटीपी मागितला, तर चाचांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, चहा पाजला, पण ओटीपी काही सांगितला नाही. "कुणालाबी म्हंजी कुणालाबी. तुमी बी त्या 'कुणालाबी'तच येताय न्हवं?" बिचाऱ्यानं टाकी पुन्हा गाडीत चढवली. मग चाचींनी त्याला कोपऱ्यावर गाठून हळूच आकडे सांगितले आणि टाकी मागच्या दारानं घरात आली. तेव्हापासून टाकी नोंदवायचं कामही चाचींकडेच गेलं. गॅसच्या ऑफिसला फोन लावला की आधी एक बाई सांगते, आपला कॉल रेकॉर्ड केला जाऊ शकतो. चाचा तिथंच तिला "मी परवानगी दिल्याली न्हाय," असं सुनावून फोन ठेवत. चाचींचं तसं नव्हतं. त्या पलीकडच्या मुलीला आधी जेवलीस का विचारायच्या आणि मग टाकीवर यायच्या.

फोटोचं तर नावच काढू नका. लासुर्ण्याला भाचीच्या लग्नात चाचा फोटोग्राफरला आडवे गेले. "इचारलं व्हतंस का? माझा चेहरा हाय, माझा हक्क हाय." त्या अल्बमात चाची जिथं जिथं आहेत, तिथं मध्ये चाचांचा पंजा आहे. आवाजाबद्दल ते त्याहून कडक. "आवाज म्हंजी आंगठाच. एकदा दिला की कुठं उमटंल, नेम न्हाय." म्हणून चाचींनी कुणाला आवाजी मेसेज पाठवायचा नाही आणि कुणी चाचींचं बोलणं साठवायचं नाही, हा घरचा कायदा. आम्ही हसायचो आणि पाळायचोही, कारण माणूस लाख मोलाचा. शिवाय रोज कुणा ना कुणाला फोनवरून गंडवल्याची बातमी यायची, तेव्हा म्हाताऱ्याचं अगदीच काही चुकत नाही, असंही वाटायचं.

यंदाच्या थंडीत चाची गेल्या. ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि घरी आणलं ते दफनासाठीच. चाचा रडले नाहीत. आल्यागेल्याला पाणी देत राहिले. चाळिसावं झालं, पाहुणे पांगले, आणि एका दुपारी ते माझ्याकडे येऊन बसले.

"भाऊ, तिचा आवाज आठवंना झालाय," ते म्हणाले. "चेहरा दिसतोय. व्हट हालत्यात. आवाज न्हाय येत."

लेकीला विचारून झालं होतं, मुलाला विचारून झालं होतं, लासुर्ण्यालाही फोन झाला होता. कुणाकडे काही नव्हतं. सगळ्यांनी कायदा पाळला होता. मग त्यांना ती रेकॉर्ड करणारी बाई आठवली होती. "त्यांच्याकडं असंल. लावा फोन."

मी फोन लावला, स्पीकरवर टाकला. आपला कॉल रेकॉर्ड केला जाऊ शकतो, हे वाक्य चाचांनी आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. एक मुलगी बोलू लागली. चाचांनी सगळं सांगितलं. टाकीचं काय बोलली असंल तेवढंच द्या म्हणाले, दोन शब्द द्या म्हणाले. इतक्या अजीजीनं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"आमच्याकडे असेलही, काका," मुलगी हळू आवाजात म्हणाली, "पण असं कुणाला देता येत नाही. ज्यांचा आवाज आहे त्यांचीच परवानगी लागते."

मला वाटलं, आता चाचा भांडतील. हक्काची सगळी कलमं त्यांना तोंडपाठ. मी तर वाटच पाहत होतो.

"बरोबर हाय, पोरी," चाचा म्हणाले. "तसंच पायजे. कुणी बी मागितलं तरी देऊ नगंस." मग त्यांनी तिला विचारलं, "जेवलीस का?"

फोन ठेवून ते उठले. दारापर्यंत जाऊन परत आले.

"भाऊ, भिताडावरनं ती तुमाला च्याला हाक मारायची न्हवं? कशी मारायची? जरा मारून दावा."

मला लाज वाटली. पण त्यांनी डोळे मिटूनच घेतले होते. मी घसा साफ केला आणि जमेल तसं म्हटलं, "भाऊ, च्या टाकलाय, या की!"

चाचांनी मान हलवली. "न्हाय. 'की' जरा लांबवायची ती. आनि यवढी जोरात न्हाय."

मी पुन्हा म्हटलं, हळू, लांबवून.

"जवळ आलाय," डोळे न उघडता चाचा म्हणाले. "अजून एकदा म्हना."