भिंगरीची दहा मिनिटं

पायाला भिंगरी असलेली माणसं पुष्कळ असतात, या गृहस्थाच्या ती बोटांनाही होती. लिफ्ट येताना दिसत असली तरी हा बटण दाबतच राहायचा. साखर पडायच्या आत चहा ढवळायला घ्यायचा. घरीदारी त्याचं नावच भिंगरी पडलं होतं. एका रक्ततपासणी प्रयोगशाळेचे संगणक तो घरी बसून सांभाळायचा, म्हणजे दुरून सुरक्षित लॉगिन करून. 'बसून' हा शब्द आपला म्हणायचा.

त्या दिवशी साडेअकराला प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. "रिपोर्ट सर्व्हरमध्येच अडकलेत, आम्हालाही दिसत नाहीत. बाराला एक ऑपरेशन आहे. सर्जन खोळंबलेत."

"दोन मिनिटं," म्हणत भिंगरीनं लॅपटॉप उघडला आणि लॉगिन केलं. परवानगी नाही, असं उत्तर आलं. उत्तर नीट वाचेल तो भिंगरी कसला? त्यानं पुन्हा केलं. पुन्हा केलं. मग उत्तर येणंच थांबलं. तो राउटर बंद-चालू करून आला, स्टुलावर चढून वायर हलवून आला, आणि येता-जाता एंटर दाबत राहिला.

शेजारी मटार सोलत त्याची ताई बसली होती. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती.

"अरे, मघाशी तो नाही म्हणत होता. आता बोलतच नाहीये. दोन्हींत फरक असतो."

भिंगरी जागच्या जागी थांबला. मग त्यानं बाईंना फोन केला. "कपाटाच्या काचेतून सर्व्हरचा पडदा दिसतोय ना? काय लिहिलंय?"

"एक पत्ता अडवलाय म्हणतोय. एकोणीस वेळा धडकलाय. कुणी चोर आहे का हो?"

पत्ता त्याच्याच घरच्या इंटरनेटचा होता. लॉगिनची डिजिटल किल्ली राहिली होती जुन्या लॅपटॉपमध्ये, आणि हा काल आणलेल्या नव्या लॅपटॉपवरून धडका देत होता. तीन चुकांनंतर दहा मिनिटं दार बंद, आणि मध्ये पुन्हा कुणी धडकलं की दहा मिनिटं नव्यानं सुरू! उपटसुंभांसाठी हा नियम त्यानंच मोठ्या हौसेनं लावला होता. सर्व्हरच्या कपाटाची चावी त्याच्या खिशात होती, पण प्रयोगशाळा तासाभराच्या वाटेवर.

अकरा चाळीस झाले होते. ताईनं दोन्ही लॅपटॉप मांडीवर घेतले. "हात लावलास तर बघ."

"नुसतं बघतो गं, उघडलंय का."

"तेच करायचं नाहीये ना? घे, मटार सोल."

त्यानं मटार सोलले. निम्मे जमिनीवर सांडले. चौथ्या मिनिटाला तो खिडकीशी गेला, सहाव्याला दाराशी. आठव्या मिनिटाला सर्जनचा फोन आला. "साहेब, दोनच मिनिटं," हे त्यानं आयुष्यात प्रथमच मोजून सांगितलं.

नऊ मिनिटं पन्नास सेकंद झाले तरी ताईनं जुना लॅपटॉप पुढे केला नाही. "माझं घड्याळ मागे असतं," म्हणत तिनं आणखी एक मिनिट काढलं. मग भिंगरीनं एकदाच, अगदी हलक्या बोटानं एंटर दाबलं. दार उघडलं. अडकलेला प्रोग्राम त्यानं पुन्हा सुरू केला.

"रिपोर्ट मिळाला," बाई म्हणाल्या. "पेशंटला आत नेतायत."

"कोण रे पेशंट?" ताईनं विचारलं.

"मला काय माहीत?" भिंगरी पुन्हा येरझाऱ्या घालू लागला होता. "सकाळपासून उपाशीपोटी पडलाय बिचारा. आणि मी इथे एंटर दाबत बसलो होतो."