डाळिंबाच्या शेडमधला पाट

नातवंडाच्या गाण्याला मी त्याला न विचारता बारामतीचं स्थळ बोलावलं. चार वर्षं झाली. तेव्हा माझं वय अडुसष्ट, अक्कल मात्र परकरातली.

ते पुण्यात संबळ वाजवून गातं. आपण बाई नाही आणि बुवाही नाही, हे त्यानं घरात फक्त मला सांगितलं होतं. मी "बरं" म्हणाले आणि मनात म्हटलं, लग्न झालं की निघेल डोक्यातून. केवढी हुशार! गाणंही ऐकतील, मुलगीही बघतील, पोहे वाचले.

कार्यक्रम इंदापूरला, डाळिंबं निवडायच्या शेडमध्ये. लोक क्रेटांवर बसलेले. मागे बारामतीची माणसं, मुलाची आई आणि चुलते. समोर पाट, पाटावर नातवंड: नऊवारीवर शर्ट, कपाळाला कुंकू, ओठावर काजळाची मिशी. एकेकानं पुढं जायचं, त्याचा हात हातात घ्यायचा आणि मुलगी बघताना विचारतात तसं काहीही विचारायचं. उत्तर ते गाऊन देणार.

"स्वयंपाक येतो का?" हशा. "चालून दाखव." ते संबळ बडवत चाललं. मग एका पोरीनं विचारलं, "एकटं वाटतं का?" त्यावर ते इतकं हळू गायलं, की पत्र्यावरची कबुतरं ऐकू आली.

तेवढ्यात चुलते उठले. पाटाशी गेले, पायातली चप्पल न काढता. हात न घेता मनगट धरलं.

"तू नक्की हायेस तरी काय?"

नातवंड गाऊ लागलं.

"गाऊ नगं. सांग."

गाणं थांबलं. मनगट सुटेना. शेवटी नातवंडाबरोबर पुण्याहून आलेला एक जण उभा राहिला, तेव्हा चुलते हसले आणि सोडलं.

माझ्या वेळी सासऱ्यांनीही असंच मनगट धरून बघितलं होतं. मी लाजून अंगठ्यानं जमीन उकरत बसले होते. बावळट!

लोक पांगल्यावर चुलते माझ्या पाया पडले. "आज्जी, तुमचं नातवंड पुण्याला कुठल्या गाडीनं जातंय? आमी पोचवतो की."

आवाज गुळासारखा.

"गेलं बी ते," मी म्हणाले. जन्मात एक खोटं वेळेवर सुचलं.

त्यांची जीप निघाली आणि कालव्याच्या पुलावर जाऊन थांबली. पुण्याला जायचं तर तिथूनच रस्ता. दिवे विझले, पण कुणी उतरलं नाही. रात्र झाली तरी जीप तिथंच.

मी आणि नातवंड शेडमध्येच क्रेटांच्या आड बसलो. त्याच्या मनगटावर बोटं उमटली होती. मी चोळायला गेले, त्यानं हात मागं घेतला.

"त्यांना मीच बोलावलं रं," मी म्हणाले.

पुलाकडं बघतच ते बोललं, "तेव्हाच कळलं ते, आज्जी. त्यांनी हात धरला तेव्हा मी तुझ्याकडंच बघितलं. तू डोक्यावरचा पदर सारखा करत होतीस."