टोकेकरसाहेबांचा डिब्बा

"कसे आहात?" असं विचारल्यावर समोरच्याने "ठीक आहे" म्हणायचं आणि विषय संपवायचा, ही जगाने लावलेली सोय टोकेकरसाहेबांना मान्य नव्हती. कुणी "ठीक आहे" म्हणालं की ते लगेच विचारत, "कुणी मोजलं?" इंदूरला छत्रीबागेत त्यांच्या शेजारी एकदा मुलगी बघायला पाहुणे आले. मुलगा अगदी शांत स्वभावाचा आहे, असं मुलाचे वडील सांगत होते. तिथेही साहेबांनी हेच विचारलं. ते लग्न जमलं नाही. पुढे शेजाऱ्यांनी त्यांना कुठल्याच कार्याला बोलावलं नाही. त्याचं साहेबांना दुःख झालं नाही, कारण आमटीत मीठ किती कमी आहे हे यजमानांना समजावून सांगण्याचे त्यांचे कष्ट वाचले.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. इंदूरच्या एका कापड मिलच्या इलेक्ट्रिकल खात्यात ते माझे साहेब होते. मी महू छावणीची. आजोबा फौजेत, वडील फौजेच्या वर्कशॉपमध्ये, आणि मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन मिलमध्ये लागलेली. खात्यात बाई मी एकटीच. बाकीच्यांनी "मॅडमजी, आप बैठिए, हम कर लेंगे" म्हणून माझं स्वागत केलं. साहेबांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात सोल्डरिंगचं हत्यार दिलं. म्हणाले, "वानखेडेबाई, बसायचा पगार घेणारी मंडळी इथे भरपूर आहेत. तुम्ही उभ्या राहा."

खात्यात एक जुना ऑसिलोस्कोप होता. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. वायरीतली वीज क्षणाक्षणाला कशी वरखाली होते, त्याची रेघ पडद्यावर काढून दाखवणारं हे यंत्र. डॉक्टर हृदयाची रेघ काढतात, तसंच. मात्र आमच्या यंत्राच्या लक्षात काही राहत नसे. हिरवी रेघ दिसे आणि विझून जाई. साहेब त्याला सरकारी माणूस म्हणत. ऑफिसात हजर असतो, पण त्याच्यासमोर कधी काही घडलेलं नसतं.

तेव्हा देशात नवं धोरण आलं होतं. परदेशी माल येणार, परदेशी पैसा येणार, आणि आपण सगळे काहीही न करता जागतिक होणार, असं वर्तमानपत्रं रोज सांगत होती. आमच्या मिलने या नव्या युगाचं स्वागत दोन गोष्टींनी केलं. सूतकताईत इलेक्ट्रॉनिक कंट्रोलची मशिनं आणली, आणि जनरल मॅनेजरांच्या केबिनला भला मोठा एसी बसवला. एसी उत्तम चालला. मशिनं मात्र चालता चालता, काही कारण नसताना, उभी राहू लागली. बटण दाबलं की पुन्हा सुरू होत, पण तोवर सगळं सूत तुटलेलं असे.

जनरल मॅनेजरांनी खुर्चीतून न उठता निदान केलं. कामगारांना नवी मशिनं नको आहेत, म्हणून तेच मुद्दाम बंद करतात. शिवनारायण नावाचा एक कामगार आणि त्याचे काही सोबती सस्पेंड झाले. शिवनारायण बोलायला जरा तिखट होता, एवढा पुरावा पुरेसा होता. त्याच्या मोहल्ल्यात बातमी पसरली की याने मिलची मशिनं बिघडवली. तो रोज सकाळी येऊन गेटबाहेर उभा राही. आत कुणी घेत नसे, आणि घरी तोंड दाखवायची सोय नव्हती.

मीटिंगमध्ये साहेबांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला. जनरल मॅनेजर म्हणाले, "टोकेकरजी, इसमें नापना क्या है? दिख तो रहा है."

"दिख रहा है, इसीलिए नापना पड़ेगा," साहेब म्हणाले.

आता मोजायचं कशाने, हा प्रश्न होता. मशीन कधी बंद पडेल याचा नेम नाही, आणि आमचा सरकारी माणूस फक्त चालू क्षण दाखवणार. साहेबांनी त्यावर तोड काढली. वीज सतत आकड्यांत मोजायची आणि ते आकडे मेमरीच्या चिपांमध्ये लिहीत राहायचं. जागा संपली की सर्वांत जुना आकडा पुसून त्यावर नवा लिहायचा. मशीन बंद पडलं की लिहिणंही थांबवायचं. मग चिपांत जे उरतं, ते बंद पडण्याच्या आधीचं. ते जुन्या पडद्यावर पुन्हा पुन्हा, सावकाश बघता येतं. "माणूस मेल्यावर सगळेच येतात, बाई," ते मला म्हणाले. "आपल्याला त्याच्या आधी कोण येऊन गेलं ते बघायचंय."

मिलच्या खरेदी खात्याने आमच्या मागणीत चिप्स हा शब्द वाचला आणि कागद कँटीनकडे पाठवला. शेवटी साहेबांनी चिपा मुंबईहून स्वतःच मागवल्या. सगळं काम बसवलं तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात. मिलभर त्याला डिब्बा म्हणू लागले, आणि येता जाता लोक विचारत, "साहबजी, डिब्बे में क्या निकला? सेव कि गाठिया?" साहेब शांतपणे सांगत की निघेल तेव्हा तुला खाऊ घालणार नाही.

पहिल्यांदा डिब्ब्यातून काहीच निघालं नाही. मशीन थांबलं, आम्ही धावलो, तर डिब्बा कोरा. साहेब बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग त्यांच्या ध्यानात आलं की डिब्बाही त्याच विजेवर चालतो आहे. मशिनाला भोवळ आली तेव्हा यालाही आली, आणि शुद्धीवर येईतो सगळं विसरला. साहेबांनी जाऊन स्वतःच्या स्कूटरची बॅटरी काढली आणि डिब्ब्याला जोडली. तेव्हापासून ते मिलमध्ये चालत येऊ लागले. स्कूटर ठीक आहे का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले की स्कूटर उत्तम आहे, तिचं फक्त हृदय नोकरीला लागलंय.

एका दुपारी मशीन थांबलं आणि पडद्यावर रेघ आली. सारख्या उंचीच्या लाटा, एकीमागे एक, आणि मग एकदम खड्डा. काही लाटा पार बसलेल्या. त्यानंतर मशीन बंद. पुढच्या वेळीही अगदी तसाच खड्डा, आणि त्याच्या पुढच्या वेळीही. साहेबांना संशय आला होता, पण त्यांनी तो बोलून दाखवला नाही. त्यांनी मला जनरल मॅनेजरांच्या केबिनबाहेर इंटरकॉमपाशी उभं केलं आणि स्वतः डिब्ब्यापाशी बसले. एसीचा कॉम्प्रेसर गुरगुरला की मी फोनवर कळवायचं. मी कळवत गेले आणि तिकडे खड्डे पडत गेले. कॉम्प्रेसर सुरू होताना एवढी वीज ओढायचा की त्याच लायनीवरच्या मशिनांच्या वाट्याला क्षणभर काही उरत नसे.

"मतलब," पुढच्या मीटिंगमध्ये जनरल मॅनेजर म्हणाले, "आप कहना चाहते हैं कि मेरे एसी से मिल रुकती है?"

"मैं कुछ नहीं कहता. आप बंद करके देख लीजिए."

मीटिंगला युनियनची माणसं हजर होती, त्यामुळे नाही म्हणायची सोय उरली नाही. इंदूरच्या ऐन उन्हाळ्यात आठवडाभर एसी बंद राहिला. जनरल मॅनेजर घामाने भिजले आणि मिल धडधडत चालली. व्यवस्थापनाने उत्पादनासाठी एवढा घाम गाळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि नंतरही नाही. मग एसीला वेगळी लाइन टाकली. शिवनारायण आणि त्याचे सोबती कामावर परत आले. नोटीस बोर्डावर "मामला समाप्त" एवढंच लिहिलं होतं. माफी मागायची पद्धत आमच्याकडे नव्हती. टोकेकरसाहेबांच्या कामगिरीचीही कदर झाली. त्यांना खात्यातून काढून गोदाम आणि कंपाउंडच्या दिव्यांवर नेमलं.

मशिनं आता काही केल्या बंद पडेनात. तेव्हा मालकांनी मिलच बंद केली. शहरात एकेक मिल बसतच चालली होती, आमची वेगळी काय राहणार? एका सकाळी गेटला कुलूप दिसलं. डिब्बा आत होता. साहेबांनी पुष्कळ खेटे घातले. मिलचा ताबा घेतलेला अधिकारी सांगायचा की आत आहे ते सगळं मिलचं. डिब्बा आपला आहे हे सिद्ध करायला तेलाच्या ब्रँडपलीकडे साहेबांकडे काही नव्हतं. शेवटी भंगारात गेला. मी घाबरत घाबरत त्यांना बातमी दिली. "किती भरला?" त्यांनी विचारलं. किलोवर विकला म्हणतात, एवढंच मला ठाऊक होतं. "बरं झालं," ते म्हणाले. "निदान वजन तरी मोजलं." त्या दिवशी त्यांचा चहा तसाच राहिला.

पुढे तुकोगंजमधल्या एका दुकानात मला नोकरी लागली. मालक जैनजी परदेशी मापनयंत्रं विकायचे. नव्या धोरणाने डिजिटल ऑसिलोस्कोप आता सरळ येऊ लागले होते. मी जैनजींना साहेबांचं नाव सुचवलं. यंत्र दाखवून विकणं एवढंच काम होतं. साहेबांनी त्याची नवीच रीत पाडली. गिऱ्हाइकासमोर बसून ते पहिल्यांदा ते महागडं यंत्र कसं खोटं बोलतं, हे दाखवत. भरभर बदलणारी वीज ते मुद्दाम सावकाश मोजायला लावत. यंत्राला मधलं मधलं तेवढंच दिसे आणि ते पडद्यावर एक सुंदर, संथ, साफ खोटी लाट काढून देई. "देखिए, कितने आत्मविश्वास से झूठ बोल रही है. बिलकुल मैनेजर लगती है." जैनजी डोक्याला हात लावत. "भिया, माल बेचना है कि बदनाम करना है?" पण कॉलेजं आणि कारखाने यंत्रं घेत, आणि टोकेकरजींच्याच हातून घेत. माल पोहोचवायला शिवनारायण होता. मिल बसल्यावर त्याने लोडिंगचा टेम्पो घेतला होता.

सगळं बरं चाललं असताना कंपनीचा एक तरुण इंजिनीअर दुकानात आला आणि नव्या यंत्राची माहिती देऊ लागला. घटनेच्या आधीचं दाखवणारं एक बटण त्यात होतं. साहेबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं की हे नवीन का? तो हसून म्हणाला, छे, हे तर आमच्या यंत्रांत फार जुनं आहे. म्हणजे डिब्ब्याची पहिली तार जोडली, त्याच्या कितीतरी आधीचं.

साहेब त्यानंतर दिवसभर कुणाला काही लागेलसं बोलले नाहीत, तेव्हाच मला काळजी वाटली. उघड ते कधी म्हणाले नव्हते, पण आपण एक शोध लावला आहे, ही गोष्ट त्यांनी मनात जपून ठेवली होती. संध्याकाळी दुकान बंद करताना म्हणाले, "बाई, शोध लागलेलाच होता. जकात भरायची राहिली म्हणून आपल्यापर्यंत आला नव्हता." मी हसले नाही. त्यांनाही ते नको होतं.

त्याच आठवड्यात इंदूरजवळच्या राऊ गावातल्या एका कॉलेजात यंत्रं द्यायला आम्ही टेम्पोने गेलो. परत येताना साहेब गप्प. शिवनारायणने मला खुणेनं विचारलं आणि मी त्याला सगळं सांगितलं, साहेबांच्या देखतच. तो म्हणाला की विलायतेत असेल पहिल्यापासून, आमच्या मिलमध्ये तर कुणी घेऊन आलं नव्हतं. मिल बसणार हे तेव्हाही सगळ्यांना कळत होतं. नोकरी काही वाचणार नव्हती.

"पर साहब, ताला लगा तो मैं सबके साथ बाहर निकला," तो म्हणाला. "नहीं तो अकेला निकलता, बदमाश कहलाके. बेटी का रिश्ता उसी मोहल्ले में हुआ है मेरी."

साहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा पुसला.

"सामने देखकर चला, शिवनारायण," ते म्हणाले. "पीछे नाजुक माल है."

मागे नुसती रिकामी खोकी होती. माल आम्ही कॉलेजात उतरवून आलो होतो. पण शिवनारायणने गाडीचा वेग कमी केला आणि आम्ही इंदूरपर्यंत तसेच हळूहळू आलो.